आधी उतरा, मग चढा

दादाच्या बुटांचं माप दहा आणि माझं आठ. पुढे जे काही झालं ते या दोन आकड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत झालं, आणि ती जागा मी औषधाच्या दुकानातल्या कापसाने भरली होती.

बूट वहिनींनी दिले. दादाला जाऊन सात महिने झाले तरी त्याचे बूट, काठी आणि पाठीवरची सॅक दारामागे होती तशीच होती. ठेवून काय करू, असं त्या म्हणाल्या. मीही मान हलवली आणि सगळं उचलून घरी आणलं. बायकोने सॅककडे पाहिलं, मग माझ्या पोटाकडे पाहिलं आणि विचारलं की तुम्ही तरी याचं काय करणार आहात. खरं सांगायचं तर माळ्यावर टाकणार होतो. पण तिने पोटाकडे पाहिलं होतं ना. मी म्हणालो, गडावर जाणार आहे.

आता हे वाक्य रागाच्या भरात निघालं असलं तरी अगदीच हवेतलं नव्हतं. दादा दर पावसाळ्यात एका बुधवारी त्याच एका गडावर जायचा. बुधवार का, तर गर्दी नसते म्हणून. आठवडाभर आधी मला फोन करायचा, येतोस का. मी दर वर्षी सबळ कारण द्यायचो. सरकारी कार्यालयाच्या नोंदणी शाखेत मी एकतीस वर्षं काढली आहेत, सबळ कारण कसं द्यावं हे मला कुणी शिकवायला नको. मग त्या बुधवारी दुपारी गडावरून त्याचा पुन्हा फोन. सात दऱ्या दिसताहेत, समोरच्या कड्यावरचं पाणी वाऱ्याने उलटं वर उडतंय, तू असायला हवा होतास. मी म्हणायचो, दादा, समोर माणूस उभा आहे, ठेवतो. माणूस कधी असायचा, कधी नसायचा.

शेवटी हॉस्पिटलमध्ये, नाकाला नळी असताना, त्याने तेच विचारलं. मी म्हणालो, "येत्या पावसाळ्यात नक्की."

"नक्की ना?"

"नक्की."

आठ दिवसांनी तो गेला. माझ्या टेबलावर आजवर एकही प्रकरण प्रलंबित राहिलेलं नाही, आणि हे एक राहिलं. त्यातच पेपरात बातमी आली की गडाच्या पायऱ्यांना भेगा पडल्यामुळे पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारपासून वाट पुढील आदेशापर्यंत बंद. पुढील आदेशापर्यंत म्हणजे किती, हे कुणाला माहीत नसेल तर मला विचारा. आमच्या शाखेतला पाण्याचा नळ पुढील आदेशापर्यंत बंद होता, तेव्हा माझी मुलगी बालवाडीत होती. आता ती नोकरीला आहे. म्हणजे चढायचं तर त्याच्या आदल्या बुधवारी, नाहीतर कायमचं राहिलं. हाताशी नऊ दिवस होते.

तयारी म्हणून मी जिना निवडला. आमची इमारत पाच मजल्यांची आहे. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांनी सल्ला दिला की रिकाम्या पाठीने चढण्यात अर्थ नाही, सॅकमध्ये वजन हवं. मी वरच्या कप्प्यात जुनी वर्तमानपत्रं भरली. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, वर्तमानपत्रं फार हलकी, पुस्तकं घ्या, आणि स्वतःचीच दोन गाइडं आणून दिली. ती त्यांना घरातून घालवायची होती हे मला मागाहून कळलं. तिसऱ्या दिवशी चौथ्या मजल्यावर आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला अडवलं. सामान हलवायचं असेल तर आधी लेखी अर्ज लागतो, म्हणाले. मी म्हटलं, सामान हलवत नाही, वर नेतोय आणि खाली आणतोय. ते म्हणाले, तेच तर. तीन दिवस पाहतोय, रोज भरलेली पिशवी घेऊन जाता, घरात काही वाद झालाय का, मोकळेपणाने सांगा. संध्याकाळपर्यंत तळमजल्यावरच्या काकू बायकोला धीर देऊन गेल्या. बायकोने दार लावून घेतलं आणि मला विचारलं, या वयात मी कुठे तोंड दाखवू. माझ्या तोंडाचं काय, हे कुणीच विचारलं नाही.

मग रजा. आमच्या रजेच्या अर्जात कारणाचे तीन रकाने आहेत: आजारपण, घरगुती आणि इतर. मी 'इतर'मध्ये लिहिलं, 'भावाला दिलेला शब्द'. साहेबांनी बोलावून घेतलं. ते वाईट नाहीत, पण माझ्याच हाताखाली तयार झाले आहेत. भावासाठीची रजा तुम्ही हिवाळ्यात घेतलेली दिसते, म्हणाले, एकाच भावासाठी दोनदा कशी देता येईल. मी तो अर्ज परत घेतला, नवा लिहिला आणि 'आजारपण' या रकान्यावर खूण केली. तेही अगदी खोटं नव्हतं, सात महिने मला धड झोप नाही.

राहता राहिले बूट. चौकातल्या चांभाराने ते हातात घेतले, तळवा अंगठ्याने दाबला आणि खाली ठेवले. "साहेब, हे आता चालण्याचे राहिलेले नाहीत, ठेवण्याचे राहिलेत," तो म्हणाला. मला राग आला. माझ्या भावाने बारा वर्षं हे बूट वापरले आहेत, असं मी त्याला ठणकावून सांगितलं. तो म्हणाला, म्हणूनच. मी बूट उचलून चालता झालो आणि औषधाच्या दुकानातून कापूस घेतला. औषधवाल्याने कापसाबरोबर गुडघ्याचा पट्टा, उलटीच्या गोळ्या आणि गडावर बसल्या जागी मेलेल्या एका गिऱ्हाइकाची हकिकत दिली. हकिकत मी मागितली नव्हती.

मंगळवारी रात्रीच्या ऐवजी दुपारीच सॅक आवरायला बसलो, कारण मी शिस्तीचा माणूस आहे. खालच्या कप्प्यात दादाचं सामान तसंच होतं आणि त्यात सगळं दोन दोन. दोन बॅटऱ्या, दोन स्टीलचे कप, दोन रेनकोट. त्यातला एक रेनकोट अजून पाकिटात, घडीसुद्धा मोडलेली नव्हती, आणि तोही चुकीच्या मापाचा. दादाच्या कोपरापर्यंत आला असता जेमतेम. दादा पहिल्यापासूनच उधळ्या, असं मी बायकोला म्हणालो. तिने रेनकोट पाकिटात सरकवला आणि ते पाकीट कपाळाला लावल्यासारखं थोडा वेळ धरून बसली, ते मला त्या वेळी चमत्कारिक वाटलं.

इथे एक जुनी गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. बरीच वर्षं झाली, दादाला आमच्या कार्यालयातून कसलीशी नक्कल हवी होती. त्याचा पाय प्लास्टरमध्ये, म्हणून अर्जावर वहिनींनी सही करून अर्ज पाठवला. मी परत पाठवला. दुसऱ्याच्या वतीने सही चालत नाही, मग तो सख्खा भाऊ असला तरी. शाखेत त्या दिवशी माझं फार कौतुक झालं. दुसऱ्या दिवशी दादा स्वतः आला. लिफ्ट बंद होती. कुबडी घेऊन तीन मजले चढला, घामाने निथळत माझ्या टेबलासमोर उभा राहिला, सही केली आणि हसला. "तुझा गड मी चढलो," म्हणाला. "आता माझा तू कधी चढतोस ते सांग." मी त्याला बसायला खुर्चीसुद्धा दिली नव्हती. अर्जदारांना खुर्ची द्यायची नाही असा नियम होता.

असो. बुधवारी सकाळी एस्टीने पायथ्याला उतरलो तेव्हा पाऊस एकसारखा पडत होता. समोर डोंगर असावा, कारण रस्ता संपत होता. दिसत काहीच नव्हतं. पत्र्याची एक चौकी, आत एक टेबल, भिंतीला बाक, गळणाऱ्या पत्र्याखाली बादली, आणि चष्म्याला दोरी बांधलेला एक रखवालदार. टेबलावर नोंदवही. वही बघून मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. रकाने आखीव होते: नाव, वर जाण्याची वेळ, उतरल्याची सही, शेरा. भिंतीवर नियम लिहिले होते. गटातल्या सगळ्यांची नावं गटप्रमुखाने लिहावीत. उतरल्यावर प्रत्येकाने आपली सही आपण करावी. खाडाखोड चालणार नाही. मी मनातल्या मनात या माणसाला शाबासकी दिली आणि वडिलांच्या नावासकट माझं पूर्ण नाव सांगितलं.

त्याने पेन उचललं आणि तसंच हवेत धरून ठेवलं. नाव पुन्हा सांगायला लावलं. मग चष्मा पुसून माझ्याकडे असं पाहिलं की माझे पाय उलटे तर नाहीत ना हे बघतोय असं वाटावं.

"साहेब, तुमचं नाव लिहिता येत नाही," तो म्हणाला. "तुम्ही वरच आहात."

मी म्हटलं, मी तुमच्यासमोर उभा आहे. तो म्हणाला, ते दिसतंय, पण उतरल्याची सही नाही. मी आवाज चढवला. त्याने चढवला नाही. कपाटातून एकावर एक बारा वह्या काढून टेबलावर ठेवल्या. नोंदीप्रमाणे मी बारा वेळा वर गेलो होतो आणि एकदाही खाली आलो नव्हतो. वर्षअखेरीला त्याला वरिष्ठांकडे आकडा पाठवावा लागायचा, गडावर शिल्लक एक. एका तपासनिसाने तर कळवलं होतं की एकच इसम न उतरता पुन्हा पुन्हा कसा चढतो याचा खुलासा करावा. खुलासा त्याने केला नव्हता.

"नियम साधा आहे," तो म्हणाला. "आधी उतरा, मग चढा."

त्याच्या जागी मी असतो तर अक्षराचाही फरक न करता हेच बोललो असतो. एकतीस वर्षं मी टेबलाच्या त्या बाजूला होतो. या बाजूला उभं राहिलं की कसं वाटतं, ते त्या दिवशी कळलं.

मग त्याने पहिली वही उघडून माझ्याकडे फिरवली. दादाचं तिरकं अक्षर मी कुठेही ओळखेन. एक त्याचं नाव, त्याच्याखाली माझं. वर जाण्याची वेळ एकच. उतरल्याच्या रकान्यात त्याची सही, माझी जागा रिकामी. तो हिवाळ्यात गेला, एवढंच मी रखवालदाराला सांगितलं. रखवालदार सांगत होता, पहिल्या वर्षी आम्ही माणसं घेऊन शोधायला निघालो होतो. तेव्हा ते म्हणाले, तो आलाच नाही हो अजून, पण येणार आहे, त्याची जागा राहू द्या. दर वर्षी मी नको म्हणायचो, दर वर्षी लिहायचेच. चांगला माणूस होता, मी काय बोलणार.

शेऱ्याच्या रकान्यात माझी कारणं होती. सगळी. 'भाऊ: वार्षिक तपासणी.' 'भाऊ: गुडघा.' 'भाऊ: मुलीची परीक्षा.' 'भाऊ: मेहुण्याचे लग्न.' 'भाऊ: गुडघा (दुसरा).' एका वर्षी लिहिलं होतं, 'भाऊ: कारण दिले नाही. आवाज दमलेला वाटला.' हे वाचल्यावर मी बाकावर बसलो. माझा आवाज दमलेला आहे हे त्या वर्षी घरातसुद्धा कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

शेवटच्या वहीत, गेल्या पावसाळ्यातल्या नोंदीत, दोन नावं होती आणि दोन्ही सह्यांच्या जागा रिकाम्या. मी विचारलं. रखवालदाराने बाकाकडे बोट केलं. "इथेच बसले होते, तुम्ही बसलाय तिथे. नेहमीसारखी दोन्ही नावं लिहिली, वेळ टाकली, उभे राहिले आणि दाराशीच धाप लागली. मग दुपारपर्यंत वर बघत बसून राहिले. चारच्या गाडीने गेले. मी म्हटलं, सही तरी करून जा. तर म्हणाले, चढलोच नाही, उतरू कसा?"

त्या बुधवारी त्याने मला फोन केला होता. सात दऱ्या दिसताहेत म्हणाला होता. मी म्हणालो होतो, समोर माणूस आहे.

त्या नोंदीचा शेरा लांब होता, समासात शिरलेला. 'या वर्षी मीच जरा थकलो आहे. भाऊ येईल. आल्यास त्यास वर सोडावे.' खाली सही, तारीख. रखवालदार म्हणाला, असा शेरा चालतो की नाही मला माहीत नाही. मी म्हणालो, चालतो. गटप्रमुखाचा आहे, सही आहे, तारीख आहे, खाडाखोड नाही. शाखेत इतका स्वच्छ शेरा क्वचित पाहायला मिळतो. त्याने मान हलवली, आजच्या पानावर माझं नाव आणि वेळ लिहिली आणि दार पूर्ण उघडलं. मी सॅकमधून ते पाकीट काढलं आणि रेनकोट घातला. बाह्या बरोबर मनगटापर्यंत आल्या. बटणंसुद्धा पोटावर ताण न येता लागली, म्हणजे माझं पोट किती पुढे आलं आहे याचाही त्याने अंदाज धरला होता.

चढण्याबद्दल अभिमानाने सांगण्यासारखं काही नाही. पहिल्या वळणावर उजव्या बुटाचा तळवा चिखलात राहिला आणि मी पुढे गेलो. तो बुटाच्या नाडीने बांधला. मग नाडी नसलेला बूट निघून गेला. दुसरा तळवा पायऱ्यांवर सुटला आणि प्रत्येक पावलाला टाळी वाजवू लागला. कापूस भिजून पायाला लापशीसारखा लागत होता. उतरणारी काही कॉलेजची मुलं वाट सोडून उभी राहिली आणि त्यातल्या एकीने मला आजोबा म्हणून हात दिला. मी सत्तावन्न वर्षांचा आहे. हात घेतला. शेवटच्या तुटक्या पायऱ्या तर मी चक्क रांगत चढलो, सॅक डोक्यावरून पुढे येत होती, आणि दर तीन पायऱ्यांनंतर मी दादाला शिव्या देत होतो. मोठ्याने. पावसात कोण ऐकतंय.

वर एक पडकी भिंत होती, पाण्याचं एक टाकं होतं आणि बाकी सगळं धुकं. मी भिंतीपाशी गेलो, ज्या बाजूला दऱ्या असायला हव्यात त्या बाजूला पाहिलं. पांढरं. दुसऱ्या बाजूला पाहिलं. पांढरं. अर्धा तास बसलो. थर्मासमधला चहा एका कपात ओतला, आणि हात चालूच राहिला म्हणून दुसऱ्यातही ओतला. तो प्यावा की ओतून द्यावा हे काही केल्या ठरेना. पाऊस पडून पडून तो आपोआप भरून सांडायला लागला.

मग मी फोन काढला आणि सवयीने, म्हणजे त्याच्या सवयीने, दादाचा नंबर लावला. बंद असेल अशी खात्री होती. दुसऱ्या रिंगला उचलला.

"पोचलात, भाऊजी?" वहिनी म्हणाल्या.

सात महिने त्या तो फोन चार्ज करून ठेवत होत्या. मी म्हणालो, "वहिनी, इथे काहीच दिसत नाही हो. नुसतं धुकं आहे."

"त्यांनाही कधी दिसलं नाही," त्या म्हणाल्या. "पावसाळ्यात जायचे ना. घरी येऊन मला सांगायचे, काही दिसलं नाही, पण त्याला सांगू नकोस, नाहीतर तो कधीच यायचा नाही."

मी त्या भिंतीला टेकून रडलो. दादा गेला तेव्हा रडलो नव्हतो, कागदपत्रं करायची होती. आता करायला काही नव्हतं. दादा, आलो रे, असं म्हणालो, आणि उशीर झाल्याबद्दल कुठलंही कारण दिलं नाही. सात दऱ्यांपैकी एकही दिसली नाही, तरी मी बराच वेळ त्या दिशेला बघत राहिलो.

उतरून चौकीत आलो तेव्हा एका पायात बूट होता आणि दुसऱ्यात मोजा. रखवालदाराने बाराही वह्या उघडून मांडून ठेवल्या होत्या. आजची नोंद तेरावी. एकदा चढलो होतो आणि तेरा वेळा उतरायचं होतं. एकेका वहीत सही करत गेलो. वार्षिक तपासणीवर केली, गुडघ्यावर केली, दुसऱ्या गुडघ्यावर केली, दमलेल्या आवाजावर केली. इतक्या वर्षांत इतक्या काळजीने मी सह्या केल्या नव्हत्या.

गेल्या वर्षीच्या वहीत माझी सही झाल्यावर तिच्यावरची जागा तेवढी रिकामी राहिली, दादाची. रखवालदार घसा साफ करून म्हणाला, "तीही करून टाका, साहेब. सख्खे भाऊ तुम्ही. उद्या चौकी बंद होणार, वह्या वरिष्ठांकडे जाणार. एकदाचा हिशोब पुरा होईल."

मी पेन त्या जागेवर नेलं. मग टोपण लावलं.

"दुसऱ्याच्या वतीने सही चालत नाही," मी म्हणालो. "त्याची त्यालाच करावी लागते."

त्याने पट्टी घेतली, पानाखाली रेघ मारली आणि बेरीज करून लिहिलं: गडावर शिल्लक, एक. वही माझ्याकडे सरकवली, तुम्ही जाणकार आहात, एकदा बघून घ्या म्हणाला. मी वरपासून खालपर्यंत तपासलं. आकडा बरोबर होता.